दोन घागरी पाणी

माझा धंदा वंशावळी लावायचा. माणसांच्या नव्हे, विषाणूंच्या. आमच्या कबनोळीत कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर आई सांगायची, “गटारीचं पाणी तपासती. सरकारी हाय पण.” त्या ‘पण’मध्ये माझं सगळं शिक्षण मावायचं.

काम तसं सांगायला सोपं आहे. विषाणू एका शरीरातून दुसऱ्यात जाताना स्वतःच्या नकला काढतो आणि नकला काढताना चुका करतो. पोथी उतरवून घेणाऱ्याच्या हातून एखादा काना सुटावा, तशा. सुटलेला काना पुढच्या सगळ्या नकलांत सुटलेलाच राहतो. कुणाच्या नकलेत कुठली चूक आहे हे जुळवत गेलं, की कुणी कुणाकडून उतरवून घेतलं ते कळतं. पूर्वी याला आठवडे लागत. आता आमच्या प्रयोगशाळेत ‘मागोवा’ नावाचं यंत्र आहे, शिवणयंत्राएवढं. रुग्णांचं रक्त, शौच आणि गटारीचं पाणी सकाळी दिलं की संध्याकाळी ते विषाणूचं झाड काढून देतं. गावातल्या नळांचे मीटर पाण्याचा दाब सारखा नोंदवत असतात. ती माहिती जोडली की झाडाच्या फांद्यांना घरनंबर लागतात. आजार हल्ली पत्त्यासकट सापडतो. आम्हाला या यंत्राचा फार अभिमान होता. मुंबईला जाऊन आम्ही एक ढाल पण घेऊन आलो होतो.

यंदा कांडी गल्लीत काविळीची साथ आली तेव्हा मी हक्काने नमुने गोळा केले, कारण ती माझीच गल्ली. संध्याकाळी पडद्यावर झाड उमटलं. सगळ्या फांद्या खाली एका बुंध्यात येऊन मिळत होत्या आणि बुंध्यावर घरनंबर होता. मी तो दोनदा वाचला. आमचं घर होतं ते. दिवट्यांचं.

ते कसं घडलं हे कळायला मला कुठल्या यंत्राची गरज नव्हती. मी तिथेच होते, हातात पन्ह्याचा पेला घेऊन.

माझा भाऊ विश्वजित, त्याची बायको शिवांजली. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. आई इतकी हरखली होती की सातव्या महिन्यात तिने असं डोहाळजेवण घातलं, की गल्लीने नाव काढावं. झोपाळा, फुलांचे दागिने, वाटीखाली झाकलेली बर्फी आणि पेढा, सगळं. आता आमच्याकडे एवढी माणसं जेवायची म्हणजे पाणी पाहिजे. मंगळावर बर्फ सापडून जुना झाला, पण कांडी गल्लीत नळाला पाणी अजून दिवसाआडच येतं, तेही तासभर आणि करंगळीएवढ्या धारेचं. त्यावर गल्लीने आपलं विज्ञान शोधून ठेवलं आहे. नळाच्या तोटीला थेट मोटर जोडायची आणि पाणी ओढायचं. कायद्याने बंदी आहे. मोटर प्रत्येकाच्या घरात आहे, पोत्याखाली झाकलेली.

त्या सकाळी आईने मोटर लावली. टाकी, पिंपं, पातेली, सगळं भरून घेतलं. आमची मोटर जोराची. ती सुरू झाली की पुढच्या घरांचे नळ फुसफुसून बंद पडत.

आमच्या दारासमोर जलवाहिनी गटारीच्या पोटातून जाते. पाणी जोरात वाहत असतं तोवर जोडातून ते बाहेर झिरपतं, आत काही येत नाही. मोटरने ओढलं की उलटं होतं. वाहिनीतला दाब शून्याच्या खाली जातो आणि जोडातून गटारच आत ओढली जाते. पाणी दिसायला स्वच्छच असतं, वासही येत नाही. त्यात हेपटायटिस ई-चा विषाणू होता. गावातल्या कुणाच्या तरी पोटातून आलेला.

शेजारी लाटकरकाका राहतात. मागांचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग नुसता आवाज ऐकून दुरुस्त करणारे. बायको कधीच वारली. एकुलती एक मुलगी समृद्धी बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. डोहाळजेवणाला ती येऊ शकली नाही. वरून आमच्या मोटरपायी त्यांचा नळ कोरडा गेला. आईच्या ते जिवाला लागलं. दोन्ही अवघडलेल्या पोरी, एकीकडे जेवणावळ आणि दुसरीकडे प्यायला पाणी नाही, हे तिला बघवेना. जरीचं लुगडं नेसलेल्या माझ्या आईने ताटभर पुरणपोळ्या आणि दोन घागरी पाणी स्वतः नेऊन लाटकरांच्या घरी दिलं. मी बघितलं ते. मला तेव्हा आईचं कौतुकच वाटलं.

विषाणू शरीरात शिरून महिना-दीड महिना गप्प बसतो. मग जेवायला आलेलं एकेक घर पिवळं पडायला लागलं. या काविळीचं असं आहे, की बहुतेक माणसं कुरकुरत, ताक-भात खात, आपोआप बरी होतात. गरोदर बाईवर मात्र ती अशी उलटते की चारातली एक हाती लागत नाही. का, ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. विषाणूवरचं जुनं औषध पोटातल्या बाळाला अपाय करतं म्हणून देता येत नाही. लस आहे, पण गरोदर बायकांना द्यावी का यावर समिती बसली होती, ती अजून उठली नव्हती.

समृद्धी पहिल्याच आठवड्यात गेली, पोटातल्या जिवासकट. लाटकरकाका स्वतः पिवळे पडून तिच्या उशाशी बसले होते. ते बरे झाले.

आणि मग शिवांजलीने एका सकाळी मला विचारलं, “ताई, चहा केला का मी?” कप तिच्या हातात होता.

---

जिल्ह्याच्या यकृत-केंद्रात डॉ. यास्मिन मुल्लाणी म्हणून आहेत. लहानखुऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी विश्वजितला आणि मला काचेपलीकडे उभं केलं. शिवांजलीच्या मानेतून दोन नळ्या निघून खाटेशेजारच्या पेटीत गेल्या होत्या. लोक त्या पेटीला उसनं यकृत म्हणतात.

“यकृत थांबलं की रक्तात विष साठतं,” डॉक्टर म्हणाल्या. “ते मेंदूत जातं. म्हणून ती असंबद्ध बोलत होती, आता बोलत नाही. या पेटीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या पेशी आहेत. रक्त त्यातून फिरवतो. तिचं काम ही पेटी करते.”

“मग झालं तर,” विश्वजित म्हणाला.

“नाही झालं. विषाणू या पेशींनाही लागतो. पेटी आज चालेल, उद्या कशीबशी चालेल. तोपर्यंत विषाणू थांबला पाहिजे.”

“सिझर करून बाळ तरी काढा.”

“रक्त गोठत नाहीये तिचं. कापलं तर थांबणार नाही.”

थांबवायचा उपाय होता, आणि तो माझ्या खात्याचा होता. याच विषाणूतून बऱ्या झालेल्या माणसाच्या ताज्या रक्तातून, नेमक्या त्याच नकलेशी लढलेल्या पेशी वेचायच्या, त्यांच्याकडची प्रतिपिंडं यंत्रात भरभर वाढवायची आणि रुग्णाला टोचायची. रक्त हाती आल्यापासून दीड दिवस लागतो. गल्लीतल्या बऱ्या झालेल्या सगळ्यांचे नमुने मी आधीच तपासले होते. इतरांची प्रतिपिंडं विषाणूला नुसती चिकटत होती. एकाच माणसाची त्याला जागीच रोखत होती. लाटकरकाकांची.

मात्र दात्याला विषाणूचं झाड दाखवल्याशिवाय रक्त घ्यायचं नाही, असा कायदा आहे. मागे कुठल्याशा साथीत लोकांना अंधारात ठेवून रक्त काढलं गेलं, त्यावर कोर्टात बरंच रामायण झालं आणि हा नियम आला. आपलं रक्त कुणासाठी जाणार आणि आपल्याला आजार कुणाकडून आला, दोन्ही दात्याला कळलं पाहिजे.

मी रुग्णालयाच्या जिन्यात आईला झाड दाखवलं. काय आहे ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिला नंबर वाचता येतो.

“सगळी गल्ली मोटर लावती,” ती म्हणाली.

“त्या दिवशी आपली चालू होती, आई. मीटरमध्ये आहे.”

“मीटरला काय कळतंय! कोण मेलंय, कोण जगलंय, मीटरला काय त्याचं?” मग तिचा आवाज बसला. “मी पाणी चांगल्या मनानं दिलं हुतं गं.”

“मला माहीत आहे.”

“मग ते तुझ्या झाडात हाय का?”

नव्हतं. झाडात तसलं काही नसतं.

विश्वजित वरच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, “प्रणोती, नंबर पुसून दाखव. नुसत्या फांद्या दाखव. त्यांना काय कळणार आहे?”

“तसं करता येत नाही.”

“येत नाही की करणार नाहीस?”

“माझी सून आत पडलीया,” आई म्हणाली. “तुझं शिक्षण आता तरी घरच्या कामाला येऊ दे.”

मी नंबर पुसलेलं दुसरं झाड तयार केलं. लाजत वगैरे नाही, चक्क घाईघाईने केलं. दोन्ही झाडं बरोबर घेऊन मी लाटकरकाकांकडे गेले.

---

काकांनी दार उघडलं. डोळ्यांतला पिवळेपणा अजून पुरता गेला नव्हता. भिंतीवर समृद्धीचा फोटो होता, हार ताजा. काकांनी आधी तांब्या-भांडं पुढं केलं.

“उकळून गार केलंय,” ते म्हणाले. “भिऊ नगं.”

मी प्यायले.

“शिवांजली कशी हाय?”

“बरी नाही, काका. तुमचं रक्त मिळालं तर वाचेल.” आणि मी एका दमात सगळं सांगितलं, प्रतिपिंडं, पेटी, दीड दिवस. ते माग ऐकावा तसे मान तिरकी करून ऐकत होते.

“रक्ताचं काय एवढं,” ते म्हणाले. “पण त्याच्या आधी मला एक सांग. तुमच्याकडं झाड असतंय म्हणं. कुणाकडनं कुणाला गेलं ते दिसतंय.”

“हो.”

“जावई म्हणतोय, मी आणला रोग घरात. त्या आठवड्यात मी ष्टँडवर मिसळ खाल्ली हुती. तेराव्याला सगळ्या पाव्हण्यांसमोर म्हणाला, बापानं पोरगी खाल्ली. मी कायच बोललो न्हाई. मला बी तसंच वाटतंय. रोज वाटतंय.” त्यांनी फोटोकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. “बघून सांग, पोरी. माझ्याकडनं गेलं का तिला?”

नंबर पुसलेल्या झाडात त्यांची फांदी समृद्धीच्या फांदीला लागूनच होती. ते दाखवलं असतं तर त्यांना तेच दिसलं असतं जे त्यांना रोज दिसत होतं, आणि त्यांनी मुकाट्याने बाही वर केली असती. रक्त तासाभरात प्रयोगशाळेत पोचलं असतं. हा हिशेब माझ्या डोक्यात झाला, पूर्ण झाला. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते झाड उघडायला माझा हात धजला नाही. मी खरं झाड उघडलं.

“तुमच्याकडून नाही गेलं,” मी म्हणाले. “तुम्हा दोघांना एकाच वेळी आलं. एकाच ठिकाणाहून.”

त्यांनी चष्मा लावला, फांदीवर बोट ठेवलं आणि बोट खाली खाली आणलं. “हा नंबर कुणाचा?”

“आमचा.”

त्यांनी बोट उचललं.

“म्हणजे त्या दोन घागरी,” ते म्हणाले. “वैनी स्वतः घेऊन आल्या हुत्या. पोरगी सकाळपास्नं तहानलेली. पैला तांब्या मीच भरून दिला तिला. दुसरा मी प्यालो.”

“काका, आईला माहीत नव्हतं.”

“त्या कशाला मुद्दाम करतील? मला काय कळत न्हाई का?” त्यांनी चष्मा काढला. “माझ्यावरचं तेवढं उतरव म्हणावं. बास. पाणी येतंय तवा सगळी गल्ली नळावर असती. जावयाला मी बोलावून घेतो. वैनींनी तिथं म्हणायचं, मोटर आमची हुती, लाटकरानं काय आणलं न्हवतं. एवढं म्हणाल्या की लगीच सुई टोच. हवं तेवढं घे.”

“मी सांगते गल्लीला. आत्ता सांगते.”

“तू सांगितलंस तर म्हणतील यंत्र चुकलं. ज्यांनी पाणी दिलं त्यांचंच तोंड पायजे.”

“मग आधी रक्त द्या, काका. आई नंतर बोलेल, मी जबाबदार.”

“आधी दिल्यावर कोण बोलंल?” ते म्हणाले. “तूच सांग. तुझी आई हाय ती.”

मी आईला ओळखते.

---

आई म्हणाली, बोलते. हिरवं पातळ नेसली, देवापुढे हात जोडले. तिला खरोखरच बोलायचं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तिला भीतीही होती. गल्लीत निम्मी घरं आजारी, समृद्धीशिवाय आणखी एक म्हातारा दगावलेला. लोक दारात येऊन दगड मारतील. शिवांजलीच्या माहेरचे विचारतील, आमच्या लेकीला विष पाजायला न्हेली हुती का? आणि या सगळ्याच्या तळाशी, ज्या डोहाळजेवणाचं गल्लीने इतकं नाव काढलं, तेच हे, असं चारचौघींत म्हणणं. ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी यायची वेळ झाली. बायका घागरी, कळशा घेऊन आपापल्या नळाशी उभ्या होत्या. लाटकरांच्या पायरीवर त्यांचा जावई उभा होता, हाताची घडी घालून, आपल्याला कशाला बोलावलंय हे न कळल्यासारखा. आई कळशी घेऊन बाहेर आली. सगळ्यांनी तिला शिवांजलीचं विचारलं. ती म्हणाली, हाय तशीच हाय. मग ती लाटकरांच्या पायरीसमोर थांबली.

“त्या दिवशी पाण्याचं जरा,” ती म्हणाली, “कुणाकडनं काय चूक झाली असंल तर...”

“कुणाकडनं, वैनी?” काका म्हणाले. अगदी हळू विचारलं त्यांनी.

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोल म्हणून. तिचे ओठ हलले. मग तिने कळशी कमरेवर घेतली, रिकामीच, आणि ती घरात निघून गेली. जावई हसल्यासारखं करून म्हणाला, “ह्यासाठी मला कामावरनं बोलावलासा व्हय?” त्याने मोटरसायकल काढली.

मी आत गेले आणि आईला नको नको ते बोलले. तू मारते आहेस तिला, असंही बोलले. ती ओट्याला धरून उभी होती. “पुढच्या पाण्याला बोलते,” ती म्हणाली. “तवा नक्की बोलते.” पुढचं पाणी एक दिवस सोडून होतं.

मी पुन्हा काकांच्या दारात जाऊन गयावया केली. ते आत पाठमोरे बसले होते, वळले नाहीत.

त्याच्या पुढच्या सकाळी शिवांजलीच्या पोटातल्या बाळाचे ठोके थांबले. डॉ. मुल्लाणींनी यंत्राची कांडी पोटावर खूप वेळ फिरवली. मुलगी होती. आईला विश्वजितने फोनवर सांगितलं. फोन तिने नीट ठेवला, आणि मग ती जमिनीवर बसली ती संध्याकाळपर्यंत तिथेच.

दुपारी लाटकरकाका रुग्णालयात आले. कुणी बोलावलं नव्हतं. शर्टाची बाही घरूनच दुमडून आले होते.

“वैनी बोलल्या न्हाईत,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे. माझ्या हट्टापायी आणि एक जाया नगं. टोच.”

मीच सुई टोचली. त्यांनी दुसरीकडे बघत विचारलं, “काल दिलं असतं तर बाळ ऱ्हायलं असतं का?”

यंत्राला दीड दिवस लागतो. आईने पायरीसमोर तोंड उघडलं असतं त्या सकाळी रक्त मिळालं असतं, तरी औषध बाळापर्यंत वेळेत पोचलं नसतं. पण त्याच्या आदल्या दिवशी, मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले तेव्हा मिळालं असतं, तर? तर राहिलं असतं, कदाचित. त्या दिवशी दुसरं झाड माझ्याजवळ तयार होतं. एक बोट लावायचं होतं फक्त. हे मी कुणालाच सांगितलं नाही. बरोबर काय केलं आणि चूक काय, याचा मी त्यानंतर खूप विचार केला आहे आणि मला राग येतो, कुणाचा येतो ते कळत नाही.

“नाही, काका,” मी म्हणाले. “उशीर झालाच होता.”

---

प्रतिपिंडांनी काम चोख केलं. विषाणू थांबला, पेटीतल्या पेशी जगल्या, मग हळूहळू शिवांजलीचं स्वतःचं यकृत जागं झालं. रक्त गोठायला लागल्यावर कळा आणून तिला मोकळं केलं. तिला पुरतं भान आलं तेव्हा पोट सपाट होतं आणि दूध येत होतं. डॉ. मुल्लाणींनी माझ्याकडून कागदपत्रं मागवली. एवढ्या अवघड रुग्णाला वाचवल्याबद्दल त्यांना परिषदेत बोलायचं होतं. त्या चांगल्या डॉक्टर आहेत. मी कागद दिले.

घरी आल्यावर शिवांजलीने मला झाड दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. तिने ते बघितलं आणि परत दिलं. आईशी ती पहिल्यासारखीच बोलायची, भाजी कुठली करायची, कपडे वाळलेत का. आईने मोटर काढून माळ्यावर टाकली होती. जावयापाशी मात्र कुणी काही बोललं नव्हतं, आणि लाटकरांच्या दारावरून जाताना बायका अजून आपली पोरं पदराआड घ्यायच्या.

एक दिवस पाणी यायच्या वेळी शिवांजली उठली, भिंत धरत बाहेर गेली आणि लाटकरांच्या पायरीवर जाऊन बसली. तिने काकांचे पाय धरले. काका अवघडून म्हणाले, “ऊठ बाळ, ऊठ,” आणि आतून भांडंभर पाणी घेऊन आले. तिने भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं पाणी प्यायली. गल्लीतल्या बायका घागरी नळाखाली ठेवून बघत होत्या. आई आमच्या उंबऱ्यात उभी होती. तिला पुढे येववत नव्हतं आणि आतही जाववत नव्हतं.

तेवढ्यात काकांच्या नळाची धार बारीक झाली. शेजारच्या नळाचीही. नळ फुसफुसला, थांबला आणि त्यातून हवा ओढल्याचा आवाज यायला लागला. पाठोपाठ सगळ्यांनी ऐकलं. गल्लीच्या टोकाच्या घरातून मोटरची घरघर येत होती.

कुणी मान वर केली नाही. एवढी माणसं आजारी पडून, एक पोरगी, पोटातले दोन जीव आणि एक म्हातारा जाऊनही, गल्लीला मोटरची इतकी सवय होती की एकीने नुसती घागर तिरकी करून बघितली.

आई उंबऱ्यातून निघाली. अनवाणी. ती त्या टोकाच्या दारावर जाऊन दोन्ही हातांनी थापा मारायला लागली.

“बंद कर! बंद कर ती मोटर!” असा आवाज मी तिच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. “गटार ओढतीयास घरात! आमच्या मोटरनं ओढली, मी लावली हुती, ह्या हातानं! माझी नात गेली! जलमाला यायच्या आधी गेली! बंद कर!”

आईचे हात दारावर तसेच राहिले. शिवांजली पायरीवर बसूनच होती, मांडीवर रिकामं भांडं.

काका उठले. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“आणि माझी, वैनी?”

आई वळली. सगळ्या गल्लीकडे तिने बघितलं, एकेका बाईकडे. जावई त्यात नव्हता. तो नंतर कबनोळीला आलाच नाही.

“तुमची बी,” आई म्हणाली. “मीच पाणी आणून दिलं. तुम्ही काय आणलं न्हवतं, भावजी. तुमची पोरगी बी आमच्याच पाण्यानं गेली.”

काकांनी मान हलवली, दोनदा. मग ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

टोकाच्या घरातली मोटर बंद झाली. थोड्या वेळाने नळांना पुन्हा पाणी आलं, स्वच्छ, करंगळीएवढं. ते वाहत राहिलं. कुणी घागर पुढं केली नाही.